भांडायला बंदी

दोन हजार चौदा ते एकोणीस अशी पाच वर्षं मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांत स्कूटरवरून फिरले, पण माझ्या हुद्द्याचं पूर्ण नाव कोणालाही कधी घेता आलं नाही. नेमणूकपत्रावर ते दीड ओळ पसरलं होतं आणि त्यात 'पुनर्वसन' हा शब्द दोनदा होता. पहिल्याच आठवड्यात झरीच्या एका पाड्यावर मला पाहून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आली बघ हातपायवाली." तिथून ते नाव माझ्या आधी पुढच्या गावात पोचायला लागलं. मला राग आला. राग मला पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो बऱ्याचदा यायचा आहे. एवढी वर्षं फिजिओथेरपी शिकले, ज्यांना मराठीत नावंच नाहीत असे स्नायू पाठ केले, आणि शेवटी काय, तर हातपायवाली. पण नाव बरोबर होतं. मी लोकांच्या हातापायांसाठीच जात होते.

ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय, जे ताडाच्या झाडावरून पडलेत, ज्या मुलांना जन्मापासून नीट उभं राहता येत नाही, अशांच्या घरी जायचं, त्यांना व्यायाम शिकवायचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही चार गोष्टी समजावायच्या, हे माझं काम. रुग्णाला दवाखान्यात खेचण्यापेक्षा दवाखान्यानेच त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं, अशी ती योजना होती. सोमवार ते बुधवार तलासरीकडची गावं आणि गुरुवारी समुद्राकाठ. वेवजीला मी मराठीत व्यायाम सांगायचे, उत्तर गुजरातीत यायचं आणि दोन्ही बाजूंना सगळं कळायचं. झरीच्या एका काकांना मी मोठ्या खटपटीने वॉकर मिळवून दिला होता. महिन्याने गेले तर वॉकरवर कोंबड्या ओळीने बसलेल्या, आणि काका बांबूची काठी टेकत अंगणभर मजेत फिरत होते. मी अहवालात 'उपकरण वापरात आहे' असं लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.

वरोरची मावशी मला भेटली ती सोळा सालच्या जून महिन्यात. होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी झाकून ठेवल्या होत्या. पुरुषमंडळी घरात बसून जाळी विणत होती. मावशी पंचावन्नची असेल. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, अतिशय शांत माणूस. मागच्या थंडीत एका सकाळी ती आंघोळीच्या पाण्याला जाळ घालायला बसली आणि एका अंगावर कलंडली. दवाखान्यातून महिन्याभराने घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत होती, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोलताना शब्द मध्येच अडकत होता. शब्द तिला माहीत असायचा, तोंडाच्या दारापर्यंत यायचाही, पण उंबऱ्यावर थांबायचा.

ही बाई आधी काय होती हे मला आळीतल्या बायकांनीच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. वरोरला बोंबील वाळवतात ते वलांडीवर. उभे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, ती वलांडी. दोन्ही हातांत एकेक बोंबील घ्यायचा, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बोंबील साबणापेक्षा बुळबुळीत आणि तोंडात बारीक सुयांसारखे दात. मावशी बोलता बोलता, दोरीकडे न बघता, हे करायची. तिचा हात आळीत सगळ्यांत जलद होता आणि तिला हातगुण होता असंही मानत. पाऊस संपून वारं कोरडं झालं की हंगामाची पहिली दोरी तीच भरायची. ती भरेपर्यंत बाकीच्या बायका आपापल्या पाट्या घेऊन थांबायच्या.

दुसरी ख्याती भांडणाची. मावशी आणि तिची धाकटी जाऊ यांची घरं भिंतीला भिंत लावून आणि वलांड्या शेजारीशेजारी. दोघी रोज भांडायच्या. तुझी दोरी माझ्या बांबूला का बांधलीस, तुझ्या कोंबडीने माझा जवळा खाल्ला, तुझ्या बापाच्या गावाला असं करत असतील. सकाळी भांडायच्या, दुपारी एकीच्या घरचं कालवण दुसरीच्या घरी जायचं आणि संध्याकाळी त्या कालवणात मीठ कमी होतं यावरून पुन्हा सुरू. आळीतली एक बाई मला म्हणाली, "आमच्याकडे टीव्ही बंद असला तरी चालायचा."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं? मी हसून पुढे जायला हवं होतं. पण मला तेव्हा शिकवायची फार हौस होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी सोडताना 'ताण देऊ नका' असं दोन शब्दांत सांगितलं होतं. मी त्या दोन शब्दांचं भाषण केलं. आळीतल्या झाडून सगळ्या बायकांना मावशीच्या ओट्यावर जमवलं, मेंदूचं चित्र दाखवलं, त्यातल्या रक्तवाहिन्या दाखवल्या, आणि धाकट्या जावेकडे रोखून बघत म्हटलं, "आता हिच्याशी कोणीही वाद घालायचा नाही. उलट बोलायचं नाही. हिचं मन दुखेल असं काही करायचं नाही. पुन्हा झटका आला तर?" धाकटीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, काय छान बोललो आपण.

वरोरची माणसं एकदा हो म्हणाली की हो. त्यांनी माझा शब्द इतका पाळला की तसा मी स्वतःसुद्धा कधी पाळला नसता. मावशीसाठी एक प्लास्टिकची खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली. सकाळी तिला दारात बसवायचे, सावली सरकली की खुर्चीसकट सरकवायचे. तिने तोंड उघडलं की तिचं वाक्य दुसरंच कोणीतरी पुरं करायचं. "पा" म्हटलं की तीन बाजूंनी तीन तांबे पाणी. तिला पाटी हवी असायची, पान हवं असायचं, कधी पायाखालचं मांजर हाकलायचं असायचं, पण त्या पावसाळ्यात मावशी पाणीच फार प्याली. धाकटी दिवसातून चारदा यायची, "बरं वाटतं ना बाय?" असं हळू आवाजात विचारायची आणि मान खाली घालून निघून जायची. मी वहीत लिहिलं, 'कौटुंबिक व सामाजिक सहकार्य उत्तम.'

व्यायामाची मात्र रड होती. पाय सुधारत होता, ऑगस्टपर्यंत ती काठी घेऊन एकटी चालायला लागली. पण हात ऐकेना. तिची मूठ आपोआप मिटायची आणि घट्ट मिटायची, फक्त उघडायची नाही. मी त्या मुठीशी युद्धच पुकारलं होतं. दाबायला रबरी चेंडू दिला, तो चौथ्या दिवशी आळीतल्या मुलांनी समुद्रात मारला. वाटीतले शेंगदाणे एकेक करून उचलायला सांगितले, तर पुढच्या गुरुवारी वाटी रिकामी. "उचलले?" असं मी विचारलं. तिने मान हलवून तोंडाकडे बोट दाखवलं, आणि डाव्या हाताच्या बोटांना अजून मीठ लागलेलं होतं. रात्री बोटं सरळ राहावीत म्हणून दवाखान्यातून प्लास्टिकची स्प्लिंट बनवून आणली, तळहाताच्या आकाराची, किंचित खोलगट. दोन आठवड्यांनी ती मला जवळ्याच्या डब्यात सापडली. जवळा काढायला डाव म्हणून फार सोयीची होती, हे मलाही कबूल करावं लागलं. तरी मी चिडले आणि घरी जाऊन आईपाशी तक्रार केली. आमची डहाणूजवळ चिकूची वाडी, घरात कांदासुद्धा चतुर्थीला चालत नाही, त्यामुळे आई मला आधी आंघोळीला पाठवायची आणि मग ऐकून घ्यायची.

एकदा मावशीने वलांडीकडे बोट दाखवून विचारलं होतं. शब्द नीट आला नाही, पण डोळ्यांवरून कळलं. मी ठाम नाही म्हटलं. उजव्या हाताच्या बोटांना तिला धड स्पर्श कळत नव्हता, बोंबलाचे दात लागले तर जखम होईल आणि कळणारही नाही. माझं शास्त्र बरोबर होतं. तिने परत विचारलं नाही, आणि मी ते समजूतदारपणाच्या खात्यात टाकलं.

सप्टेंबरात एका बुधवारी तलासरीकडच्या ओढ्याला पाणी आलं, पुलावरून जाता येईना. सकाळ वाया नको म्हणून मी स्कूटर फिरवली आणि एक दिवस आधीच वरोरला पोचले. दारातली खुर्ची रिकामी होती. घरात कोणी नव्हतं. परसात गेले तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर, दोन परकरांच्या मध्ये, बोंबलांच्या तीन जोड्या लटकत होत्या. खाली मावशी उभी होती, काठी भिंतीला टेकवलेली, आणि चौथी जोडी करत होती.

ती कशी करत होती ते मी सांगते, कारण कुठल्याही पुस्तकात ते मी वाचलं नव्हतं. जुन्या जाळ्याचा तुकडा तिने उजव्या तळव्यावर गुंडाळला होता. डाव्या हाताने मिटलेली बोटं जराशी उचकटायची, आत बोंबलाचं धड सरकवायचं आणि सोडून द्यायचं. मूठ आपोआप मिटायची. ज्या पकडीशी मी चार महिने भांडत होते, तिलाच तिने कामाला लावलं होतं. जाळ्यामुळे बोंबील घसरत नव्हता आणि बोटांना दातही लागत नव्हते. मग डाव्या हाताने दुसरा बोंबील आणायचा, जबड्यात जबडा अडकवायचा, आणि एक हिसका. मूठ उघडायची गरजच नव्हती, बोंबील इतका बुळबुळीत की हिसक्यासरशी निसटून बाहेर. एका जोडीला मिनिट लागत होतं. पण जोडी पडत नव्हती.

हे सगळं आज मी कौतुकाने सांगते आहे. त्या क्षणी मी भडकले. "मावशी, मी काय सांगितलं होतं? एकटी, काठीशिवाय, चिखलात उभी आहेस. पडली असतीस म्हणजे? कोणाला विचारलंस? लहान आहेस का तू?" असं बरंच काही. आवाज चांगलाच चढला होता. शेवटी दम लागून थांबले तेव्हा लक्षात आलं की मावशी माझ्याकडे बघून हसते आहे. अर्धंच हसू, कारण चेहऱ्याची उजवी बाजू अजून मागे होती, पण पोटातून आलेलं.

"तू तरी," ती म्हणाली आणि थांबली. मी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, पण का कोण जाणे, मिटलं. ती शब्द शोधत राहिली. परसात एक कोंबडी इकडून तिकडे गेली.

"तू तरी बोललीस," ती म्हणाली. "मना आता कोणीच बोलत नाय."

मी तिथेच उलट्या घमेल्यावर बसले. मग तिने जे सांगितलं त्याला अर्धा तास लागला, आणि मी तो पहिल्यांदा तिला दिला. तिच्या हातून आमटीचं भांडं सांडलं तर सून म्हणते, राहू दे. तिने मुद्दाम धाकटीच्या कोंबडीला काठी मारली, तर धाकटी म्हणाली, बरं केलंस बाय. वलांडीचे बांबू यंदा बांधले तेव्हा तिला कोणी विचारलंसुद्धा नाही, आणि पहिली दोरी धाकटीने भरायची असं ठरलंय, तेही तिला कळू न देता, कुजबुजत. "मेलेल्या माणसाला बोलत नाय," ती म्हणाली. "मी हाय अजून." तिला वलांडीवर परत जायचं होतं. पहिली दोरी भरायची होती. आणि ते कोणी दया म्हणून दिलेलं तिला नको होतं.

मला रडू आलं. स्वतःचा राग आला म्हणून आलं. मेंदूचं चित्र घेऊन त्या ओट्यावर मी मिरवले होते, आणि ज्या भाषेत ती बाई आयुष्यभर आपल्या जावेशी बोलत आली तीच भाषा मी बंद करून टाकली होती. वर वहीत 'उत्तम' असा शेरा.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. गोळ्या नियमित होत्या, रक्तदाब चार महिने ताब्यात होता. घाबरत घाबरत विचारलं, ही भांडली तर चालेल का? ते हसले. रोजचं आयुष्य जगू दे म्हणाले, गोळ्या मात्र चुकवू नका. एवढं हाताशी आल्यावर मी थेट धाकटीकडे गेले.

धाकटी कोळंबी सोलत बसली होती. मी म्हटलं, "काकी, मी चुकले. मावशीशी भांडलात तरी चालेल."

तिने वर पाहिलं. "आता चालेल?"

"चालेल. उलट बरं होईल."

"अशी सांगून कशी भांडणार मी?" ती म्हणाली. "भांडण आतून यायला लागतं."

मग कोळंबी सोलता सोलता तिने मन मोकळं केलं. तिलाही काही बरं वाटत नव्हतं. सकाळी उठून काय करावं ते कळत नाही, घरच्यांवर ओरडावं तर मजा येत नाही. पण भीती वाटते. एखादा शब्द बोलले आणि तिला काही झालं, तर आळी मला जन्मभर नावं ठेवेल, आणि मीही ठेवीन. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "लिहून दे," ती म्हणाली. मीही वेडी, पिशवीतला योजनेचा छापील कागद काढला आणि लिहिलं, 'सदर रुग्णाशी नेहमीप्रमाणे बोलण्यास, वादास व भांडणास हरकत नाही.' खाली सही केली. तिने तो कागद वाचला, घडी घालून कमरेच्या बटव्यात ठेवला आणि पुढचे तीन आठवडे मावशीशी तितक्याच गोड आवाजात बोलत राहिली.

एवढं मात्र झालं की मी तांडेलांना आणि सुनेला परसातली दोरी दाखवली. तांडेल बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वलांडीची एक दोरी मावशीच्या छातीच्या उंचीला खाली बांधली, आणि आधाराला एक जाड बांबू जमिनीत पक्का रोवला. मला हे सुचायला हवं होतं. मी तिथल्या तिथे खुर्ची मोडीत काढा म्हणाले, तर सून म्हणाली, राहू दे, आम्ही बसू. व्यायाम बदलले. शेंगदाणे बंद, चेंडू बंद, परसातली दोरी सुरू. हाताला जखम झाली का ते रोज संध्याकाळी बघायचं काम सुनेने घेतलं. मिनिटाला एक जोडी होती ती ऑक्टोबर लागेपर्यंत मिनिटाला दोन झाली. आळीला हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. कोणीच त्यावर बोललं नाही, आणि न बोलण्यात आळी आता तरबेज झाली होती.

पाऊस गेला, वारं फिरलं. पहिली दोरी भरायची ती सकाळ नेमकी गुरुवारी आली. मी पोचले तेव्हा होडीतून पाट्या उतरल्या होत्या, बोंबील पांढरेगुलाबी, ओले, चकाकणारे. बायका वलांडीपाशी गोळा झाल्या होत्या. धाकटी पहिल्या दोरीपाशी, पदर खोचून तयार.

मावशी घरातून निघाली. काठी डाव्या हातात, उजव्या मुठीला जाळं बांधलेलं. वाळूत पाय ओढायचा त्याची एक रेघ तिच्या मागे येत होती. दोघीतिघी पुढे झाल्या, तिचा दंड धरायला. ती काठी उगारून म्हणाली, "स... सरका." सरकल्या. पहिल्या दोरीपाशी येऊन तिने काठी तांडेलांनी रोवलेल्या बांबूला टेकवली, त्यालाच पाठ लावली आणि धाकटीकडे पाहिलं.

धाकटी बाजूला झाली. "कर बाय, तूच कर," ती म्हणाली, त्याच मऊ आवाजात. "हळू कर. दमलीस की सांग." मावशीचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं. दिली हिला दोरी, प्रसाद दिल्यासारखी.

पण ती कामाला लागली. मूठ उचकटली, बोंबील घातला, दुसरा आणला, जबड्यात जबडा, हिसका. पहिली जोडी दोरीवर पडली. बायकांनी एकदम श्वास सोडला आणि कोणीतरी वा म्हणालं. दुसरी. तिसरी. चौथ्या वेळी एक बोंबील वाळूत पडला तर चौघी तो उचलायला धावल्या आणि कोणी काही पाहिलंच नाही असा चेहरा केला. मावशी भरत राहिली. आता ती घाई करायला लागली, आधीचा हात आठवून असेल, किंवा इतके डोळे पाठीवर होते म्हणून असेल. जोड्या एकमेकींना खेटून पडायला लागल्या. दोरीवर जागा होती, पण डावा हात जिथे सहज पोचतो तिथेच ती टाकत होती, जोडीवर जोडी.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी आनंदाने मोजत होते. पण बायकांकडे पाहिलं तर त्यांच्या कपाळावर आठ्या. बोंबलाला बोंबील चिकटला की मध्ये वारं जात नाही आणि दोन्ही वास मारतात, वाळत नाहीत. हे त्यांच्या आळीतल्या सहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक. तरी सगळ्या तोंडं मिटून उभ्या. धाकटीचे ओठ घट्ट दाबलेले, नाकपुड्या फुगलेल्या. तिने एकदा बटव्यावर हात ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. आठवी जोडी सातवीवर बसली, नववी आठवीवर.

"गो, डोळे फुटले काय तुझे?" धाकटीचा आवाज त्या किनाऱ्यावर असा निघाला की होडीवरचे बाप्येसुद्धा वळले. "खेटून खेटून काय घालतेस? सगळी दोरी सडवतेस. एवढी वर्सं केलंस ते काय पाण्यात गेलं? एक हात गेला, अक्कल पन गेली काय?"

आणि मग तिलाच धस्स झालं. हात तोंडाशी गेला. माझी नजर मावशीच्या तोंडावर, तिच्या ओठांच्या रंगावर, तिच्या श्वासावर. तांडेल पाटी खाली ठेवून उभे राहिले होते.

मावशी सावकाश वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुझ्या," ती म्हणाली. शब्द अडकला. शेजारची एक बाई पाणी आणायला वळली, तिला धाकटीने हाताने थांबवलं. "तुझ्या बा..." पुन्हा अडकला. कोणीही तो पुरा केला नाही. धाकटी कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून, मावशीच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली, घाईत असलेली बाई जशी दुकानात सुट्ट्या पैशांसाठी थांबते तशी, वैतागून पण न हलता. मला ते मिनिटभर वाटलं.

"तुझ्या बापाची वलांडी हाय काय?"

पूर्ण वाक्य होतं. चारचौघांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं.

"माझ्या नाय, तुझ्या बापाची पन नाय," धाकटी म्हणाली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते तिने पुसलंही नाही. पुढे येऊन तिने दोरीवरच्या शेवटच्या चार जोड्या खसकन उपसल्या, एकेक सोडवून मावशीच्या पाटीत टाकल्या आणि म्हणाली, "परत घाल. नीट घाल. मधी दोन बोटं जागा ठेव. आम्ही थांबलो हाव."

मावशीने नाक ओढलं. मूठ उचकटली, बोंबील आत सरकवला आणि पुटपुटत, धाकटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटत, परत घालायला लागली.